प्लेटेवरचं कुंकू

ज्याने जन्मात कधी काही मोजलं नाही, असा माणूस आमच्या भौतिकशास्त्राचा विभागप्रमुख होता. जालन्याच्या त्या कॉलेजात त्याचं वजन होतं ते संस्थाचालकांशी असलेल्या सोयरिकीमुळे. शिकवण्याच्या नावाने शंख.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नुकताच लागलेला लेक्चरर. परदेशातल्या एका अजस्र यंत्रात प्रोटॉनांचा झोत फोटोच्या फिल्मवर असतो तसा जिलेटिनचा जाड थर दिलेल्या काचेच्या प्लेटांवर सोडत. प्रोटॉन आत कुठे आदळला की निघालेल्या कणांच्या वाटा त्या थरात काळ्या ठिपक्यांच्या रेघा होऊन उमटत. विद्यापीठातल्या एका गटाने अशा थोड्या प्लेटा मला तपासायला दिल्या होत्या. शोधायचा होता जड क्वार्क, प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या क्वार्कांचा दुर्मिळ, वजनदार भाऊबंद. तो स्वतः दिसत नाही. त्याला पोटात घेऊन निघालेला कण जेमतेम मिलिमीटरभर जातो आणि फुटतो, रेघेला फाटा पडतो. त्या फाट्याचे कोन मोजले की खात्री पटते. टकरी अमाप, असा फाटा मात्र क्वचित.

कित्येक महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावल्यावर मला एक फाटा सापडला. एकच. तो पक्का ठरला तरच पुढच्या प्लेटा जालन्याला येणार होत्या. कोन सुट्टीनंतर निवांत मोजू म्हणून प्लेट कपाटात ठेवली आणि दसऱ्याला तीर्थपुरीला घरी गेलो.

इकडे खंडेनवमीला विभागप्रमुखाला भक्तीचा उमाळा आला. शहागडच्या शेतातला पोतंभर झेंडू आणून त्याने सगळी कपाटं उघडली. सूक्ष्मदर्शकाला हार, व्होल्टमीटरला हार, आणि माझ्या प्लेटांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं. जिलेटिन पाण्याने फुगतं आणि वाळताना आकसतं, हे अकरावीचं पोरही सांगेल. परत येऊन पाहतो तर फाट्याच्या रेघा वेड्यावाकड्या सरकलेल्या.

मी जाब विचारला, तर म्हणाला, "पूजेबिगर यंत्र चालत न्हाई, सर. जरा कुंकूच तर लावलं. पुसून घ्या की."

"पुसलं तर उरलंसुरलंही जाईल."

"मंग दुसरी मागवा. त्यांच्याकडं लई असतील!"

गाढवाला गुळाची चव काय! मला त्या माणसाची किळस आली. आजही येते, आणि त्याची मला बिलकुल लाज वाटत नाही.

मोजणी अशक्य, असं मी कळवलं. प्लेटा परत मागवल्या गेल्या, त्या पुन्हा कधी आल्या नाहीत. पुढची सगळी नोकरी मी पोरांना भिंगाचं नाभीय अंतर काढायला शिकवण्यात घालवली.

प्लेटा जाण्याआधी त्याने फोटोग्राफर मात्र बोलावला. इथल्या पेपरात बातमी आली: जालन्यात अणुसंशोधन, विभागप्रमुखांचं मार्गदर्शन. फोटोत त्याने तीच प्लेट उजेडाकडे धरली होती, कुंकवाच्या डागासकट. ते कात्रण चौकटीत बसवून त्याने विभागात लावलं. दर खंडेनवमीला त्याचीही पूजा व्हायची. पण त्याला तो सुकंच कुंकू लावायचा. ओल्याने फोटो खराब होतो, म्हणे.