जुमादिलचं तोंड

तळ्याकाठच्या बालिक्ची गावाच्या कबरस्तानात अलीकडे जे कोणी झोपले, त्यांतले निम्मे मिर्लानने दिलेला कोट घालून आहेत. काळ्या दगडावर चेहरा कोरायचा म्हणून घरचे लोक फोटो आणतात तो कसला, तर कुणाच्या लग्नात हातात पेला घेतलेला, नाहीतर बनियनवर गाडी धुतानाचा. असा माणूस दगडावर चढवायचा कसा? मग दगड कोरणारा शाबदान तो फोटो मिर्लानला पाठवतो. मिर्लान संगणकावर बनियन उतरवतो, कोट चढवतो, पेला नाहीसा करतो, डोक्यावर उंच पांढरी कलपाक टोपी ठेवतो. कोट तीनच आहेत. जन्मभर ज्यांनी एकमेकांच्या घरचा चहा घेतला नाही, ते आता शेजारीशेजारी एकाच मापाच्या कोटात उभे आहेत, आणि कुणाची काही तक्रार नाही.

खरं तर मिर्लानचा धंदा वेबसाइट बनवायचा. तळ्याकाठची गेस्टहाउसं, दातांचे दवाखाने, टायरची दुकानं. एका गेस्टहाउसवालीने त्याला सांगितलं, "घर आणि तळं यांच्यामधला तो रस्ता काढून टाक. पाणी कसं पायरीला लागलं पाहिजे." मिर्लानने लावलं. उन्हाळ्यात पाहुणे येतात, रस्ता बघतात आणि त्या बाईला शिव्या घालतात. मिर्लानला कोण कशाला घालतंय! कामातून उरलेला सगळा वेळ संगणकावरचे खेळ आणि चित्रं. हेडफोन कानावर चढले की हा पठ्ठ्या बालिक्चीत नसायचाच. खेळातल्या त्याच्या टोळीत कोणी तोम्स्क शहरचा, कोणी करागंदाचा. एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण रोज एकत्र मरायचे आणि एकत्र उठायचे. मिर्लानने नुसत्या आवाजावरून साऱ्यांचे चेहरे रंगवले होते, अंगात चिलखत, हातात तलवार. करागंदाच्या वादिमची बायको चित्र बघून म्हणाली होती, "अगंबाई, नाकाचा हा बाक याला कसा कळला?" या गोष्टीचा मिर्लानला भारी गर्व होता. चारचौघांत तो ती दोनदा तरी सांगायचा.

त्याचा बाप जुमादिल कारा-केचेच्या खाणीतून कोळशाचा ट्रक आणायचा. एका हिवाळ्यात खिंडीत बर्फात गाडी अडकली, चाकांना साखळ्या बांधताना बोचरा वारा लागला आणि दुसऱ्या दिवशी तोंड एका बाजूला ओढलेलं. डॉक्टर झाले, बायांचे झाडपाले झाले, तोंड काही परत आलं नाही. मुळात माणूस बोलका, हसरा. तेव्हापासून बोलताना ओठांवर तळहात धरायला लागला. लग्नकार्यात फोटो निघायला लागले की हा घोडे बघायच्या निमित्ताने बाहेर. फोनवर चेहरा दाखवायची वेळ आली तर फोन छताकडे. त्या तोंडाचा एकही फोटो निघाला नाही. मागच्या शरद ऋतूत छातीत कळ आली आणि अंगणातच गेला. वर्षाचं आश, म्हणजे गेलेल्याच्या नावाची जेवणावळ, जवळ आलं, त्याच्या आत दगड बसायला हवा, आणि हातात धड फोटो कुठला, तर मिर्लानच्या जन्माआधीचा, मिशीसुद्धा न फुटलेला.

बैठक बसली. जुमादिलचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर अबाके म्हणतं, ते मानाच्या जागी बसून म्हणाले, "यात विचार कसला करायचा? घरात कलाकार आहे. मिर्लान काढेल. तोंड मात्र सरळ काढ रे बाबा. लोक येतील, नातवंडं बघतील. वाकड्या तोंडाने का त्याला उभा करायचा?"

मिर्लानची आई साबिरा, त्याची आपा, चहा ओतत होती. दिरासमोर ती सहसा तोंड उघडत नाही. पेला पुढे करता करता म्हणाली, "होतं तसं काढ."

"सूनबाई, लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या उशाला नव्हतं ते, अबाके. माझ्या होतं. या तोंडाने त्यांनी मला दहा वर्षं हाका मारल्या. सरळ तोंडाचा माणूस मला ओळखू यायचा नाही."

 मिर्लानच्या अंगात कलाकार संचारला. म्हणाला, "आपा म्हणते तसंच काढतो, अबाके. बघाच तुम्ही, आता हाक मारतील असे काढतो."

अबाके पुटपुटले, "बरं, तुम्ही शिकलेले." आणि पुढ्यातला मांसाचा तुकडा उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चित्राला बसला. कपाळ निघालं, थकलेल्या पापण्या निघाल्या, कानाची जाड पाळी निघाली. हात असा चालला होता की त्याचा त्यालाच आनंद व्हावा. मग ओठांवर आला आणि थांबला. कोणत्या बाजूला?

त्याने डावीकडे ओढून पाहिलं. बाप दिसला. चित्र काढणारे चूक सापडावी म्हणून अख्खं चित्र आरशासारखं उलटं करून बघतात. एक कळ दाबायची, झालं. त्याने ती दाबली. तोंड उजवीकडे गेलं, आणि तिथेही बापच दिसला. पुन्हा दाबली. पुन्हा बाप. दुपारपर्यंत तो ती कळ दाबत राहिला. डावा बाप, उजवा बाप, आणि दोन्ही तितकेच खरे. 

दहा वर्षांतलं काय आठवतंय म्हणून डोकं खाजवलं, तर आठवला हात. कोळशाने कायमची काळी झालेली नखं, आणि पडद्याच्या कडेला हळूच येऊन टेकणारा चहाचा पेला. बाप नेहमी पाठीमागून यायचा. मिर्लान म्हणायचा, "ठेवा." मान वळवायचा नाही, कारण त्या घटकेला मान वळवली तर तोम्स्कवाला मेला असता. जेवताना फोन. ट्रकवरून आलेला बाप झोपलेला, तेव्हा चेहऱ्यावर कलपाक. मेल्यावर हनुवटीला फडकं बांधलेलं आणि चेहरा सैल पडून दोन्ही बाजू सारख्या झालेल्या. एका छपराखाली दहा वर्षं काढून याने बापाचा हात पाहिला होता, बस.

विचारायचं म्हटलं तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. शाबदानला ठाऊक, कोपऱ्यावर धुरी दिलेले मासे विकणारीला ठाऊक. पण विचारणार कोणत्या तोंडाने, की माझ्या बापाचं तोंड कोणत्या बाजूला होतं हो? संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून त्याने मॉस्कोला बहिणीला फोन लावला. ती लग्न होऊन गेली त्यानंतरचं हे दुखणं.

"मी कुठून सांगू?" ती म्हणाली. "मला तर छतच दाखवायचे. घरात तू होतास ना?"

"होतो."

"मग?"

मिर्लानने फोन ठेवला. जीव हलका करायला खेळात शिरला आणि वादिमला सारं सांगून टाकलं. 

"ते म्हातारबाबा तुझे वडील होते होय?" वादिम म्हणाला. "तू माइक बंद करायला विसरायचास. सगळं ऐकू यायचं आम्हाला. आधी वाटलं पिऊन बोलतात, जीभ जड वाटायची. रोज एकच विचारायचे."

"काय?"

"तुला माहीत नाही? 'जिंकतोयस का रे?' असं. तू नुसतं 'ठेवा' म्हणायचास. मग आम्हीच ओरडायचो, 'जिंकतोय, काका!' पण हेडफोन तुझ्या कानाला. त्यांना कुठून ऐकू जाणार?"

मिर्लानने हेडफोन काढून ठेवले. त्याला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. पण दगड कोरायला फार वेळ उरला नव्हता. त्याने तोंड डावीकडे ठेवलं, म्हणजे मनाशी नाणं उडवलं म्हणा ना.

गुरुवार होता. गेलेल्यांना वास पोचावा म्हणून साबिरा कढईत कणकेचे बोरसोक तळत होती. मिर्लान लॅपटॉप घेऊन चुलीपाशी गेला. तिने हात पुसले, कढई खाली उतरवली, ओढणी सारखी केली, जसं काही कुणी घरात येतंय. मग बघायला लागली.

तिचा चेहरा उजळला. यात खोटं काही नाही, मिर्लानने ते डोळ्यांनी पाहिलं. "अगं बाई," ती म्हणाली, "पापणी बघ कशी त्यांचीच." बोट पडद्याजवळ नेलं, कपाळावरून खाली उतरवलं, ओठांपाशी आणलं. तिथे बोट थांबलं. तिने श्वास घेतला, काहीतरी बोलायला ओठ उघडले.

आणि मिर्लानने कळ दाबली.

तोंड उजवीकडे गेलं. "असं ना, आपा?" तो घाईघाईने म्हणाला, आणि परीक्षेचा निकाल बघावा तसा तिच्याकडे बघू लागला.

साबिराने बोट मागे घेतलं. पडद्याकडे बघितलं, मग कळेवरच्या त्याच्या बोटाकडे, मग त्याच्याकडे. खूप वेळ.

"तुला माहीतच नाही," ती म्हणाली.

"आपा, तसं नाही, चित्रात कधीकधी..."

"ते तुझ्या पाठीमागे पेला घेऊन उभे राहायचे. मी म्हणायची, ठेवा आणि या. तर म्हणायचे, थांब, एवढं संपलं की तो वळेल."

"सांग ना, आपा. डावीकडे की उजवीकडे? आत्ता नीट करतो. एका मिनिटाचं काम आहे."

"तेच तर बघितलं मी," साबिरा म्हणाली. तिने कढई पुन्हा चुलीवर चढवली. "अबाके म्हणतात तसं कर. सरळ काढ."

ती पहिल्यांदा काय बोलणार होती, हो म्हणणार होती की नाही, हे मिर्लानला कळलं नाही.

आशला घोडा कापला, तंबू ठोकले, खोऱ्याखोऱ्यांतले सोयरे आले. दगडावरचा सरळ तोंडाचा जुमादिल बघून लोक माना डोलवत होते. अबाकेंनी मिर्लानच्या पाठीवर थाप मारली, "वा रे पोरा! हुबेहूब माझा भाऊ!" शाबदानने तर तिथल्या तिथे परवानगी मागितली, दुकानाच्या वेबसाइटवर पहिला हाच लावतो म्हणाला. साबिराने सगळ्यांबरोबर हात पसरून दुवा मागितली, चेहऱ्यावरून तळवे फिरवले आणि दगडाकडे पाठ करून बायकांत जाऊन बसली.

माणसं पांगल्यावर मिर्लान तिच्याजवळ गेला. पोरासारखा उकिडवा बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आपा, दगड झाला तो झाला. मला एकट्याला सांग. कोणत्या बाजूला होतं?"

साबिरा उरलेल्या भाकरी फडक्यात बांधत होती. गाठ मारून होईपर्यंत तिने वर पाहिलं नाही.

"तेवढं माझ्यापाशी राहू दे," ती म्हणाली.