खांबेट्यांचं अ‍ॅव्हरेज

श्यामकांत खांबेटे मला पहिल्या भेटीतच आवडला नाही, आणि माझं मत बदलावं असं त्याने पुढेही काही केलं नाही. नेताजी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये तो तळमजल्यावर राहायचा, मी त्याच्या डोक्यावर. केंद्र सरकारच्या एका खात्यात असिस्टंट होता. ऑफिसात त्याला कोणी विचारत नसे, म्हणून की काय, घरी आला की तो शास्त्रज्ञ व्हायचा. शास्त्राचा विषय एकच, आपल्या जुन्या राजदूत फटफटीचं अ‍ॅव्हरेज.

त्या काळात दिल्लीत कोणाकडेही फटफटी दिसली की लोक विचारायचे, "कितना देती है?" उत्तर ऐकायचे आणि विसरून जायचे. खांबेटे विसरायचा नाही. कोणी आपल्यापेक्षा जास्त आकडा सांगितला की त्याचं जेवणावरून मन उडायचं. माणूस कंजूष असता तर मी समजून घेतलं असतं. पण वाचलेल्या पेट्रोलचं त्याला काही करायचं नव्हतं. चारचौघांत मोठा आकडा सांगायला मिळावा, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

कुठल्याशा विलायती मासिकात त्याने रेसच्या गाड्यांचे फोटो पाहिले. गाडीच्या तोंडावर गुळगुळीत कवच बसवतात, त्याला फेअरिंग म्हणतात, त्याने वारा कापला जातो आणि इंजिनाला जोर कमी लागतो, असं त्यात लिहिलं होतं. झालं! करोल बागेत एक जण कूलरच्या फायबरच्या टाक्या बनवायचा. त्याच्याकडून याने तसलं कवच करून आणलं. टाक्यांचा उरलेला रंग मारला असल्यामुळे ते पिवळं होतं, हँडलपासून गुडघ्यांपर्यंत यायचं आणि खड्ड्यातून जाताना खडखडायचं.

मी बांधकाम खात्यात इंजिनिअर, त्यामुळे मला राहवलं नाही. म्हटलं, "खांबेटे, ऐंशी-नव्वदच्या वेगाला याचा उपयोग. तुम्ही चाळीसच्या वर जात नाही. तुम्ही नुसतं ओझं वाहताय."

"अण्णासाहेब, तुमचं वाचन जरा कमी पडतंय, यार," तो म्हणाला.

त्याची गाडी चांगलं अ‍ॅव्हरेज देत होती, हे मात्र खरं. पण ते त्या पिवळ्या डबड्यामुळे नाही, त्याच्या चालवण्यामुळे. अ‍ॅक्सिलरेटर तो दुधाखालच्या गॅससारखा जपून वाढवायचा. ब्रेक लावणं त्याला पाप वाटायचं, कारण मग पुन्हा वेग घ्यावा लागतो. म्हणून लांबून लाल दिवा दिसला की हा अ‍ॅक्सिलरेटर सोडून द्यायचा आणि मागच्यांच्या शिव्या खात, रांगत रांगत दिवा हिरवा व्हायची वाट पाहायचा. उतार आला की इंजिन बंद. एवढी अक्कल हातात असताना श्रेय मात्र तो फायबरला द्यायचा. ज्याच्यावर रंग मारता येतो तेवढंच त्याला दिसायचं.

हे सगळं त्याला लखलाभ होतं. पण त्याला बायको होती.

सुहासिनी वहिनी मूळच्या साताऱ्याच्या. बोलायला कमी, हसायला पटकन. मुलंबाळं नव्हती. आठवडाभर ती बाई त्या दोन खोल्यांत रविवारची वाट पाहायची. रविवारी आम्ही दिल्लीतल्या मराठी मंडळाचे लोक कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनात जमायचो, तिथे गाणं व्हायचं, मराठी जेवण मिळायचं. नवऱ्याच्या मागे बसून, इंडिया गेटला वळसा घालून तिथवर जाणं हे वहिनींचं सुख. एकदा त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "तेवढा वेळ हे माझ्याशी बोलतात. गाडीवर दुसरं करणार काय?"

फेअरिंग आलं आणि खांबेट्याच्या लक्षात आलं, की साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको वारा अडवते. पदर फडफडतो, तो वेगळाच. पुढून कापलेली हवा मागे वाया जाते, असा सिद्धांत त्याने मला जिन्यात उभं करून समजावला. त्यानंतर वहिनी बसने यायला लागल्या.

तरी एक दृश्य पाहिलं नसतं, तर मी ते मनावर घेतलं नसतं. रविवारी सकाळी मी फियाटने निघालो होतो. पुढे डीटीसीची बस. तिच्या मागे हातभर अंतरावर, धुरात बुडालेला, पिवळ्या कवचाआड वाकलेला खांबेटे. मोठ्या गाडीच्या आडोशाने गेलं की वारा लागत नाही, हेही त्याने वाचलं होतं. बसच्या मागच्या काचेतून सुहासिनी वहिनी त्याच्याकडे बघत होत्या. बायको बसमध्ये, नवरा बसच्या मागे! वहिनींनी हात हलवला. त्याची नजर बसच्या ब्रेकच्या दिव्यांवर होती. मला त्या माणसाची किळस आली.

पुढे मंडळाच्या पंचविसाव्या वर्षी तरुण पोरांनी मायलेज स्पर्धा ठरवली. प्रत्येक गाडीला मोजून अर्धा लिटर पेट्रोल, सदनापासून निघून शाहदऱ्यावरून गाझियाबादच्या रस्त्याने जायचं, ज्याची गाडी सर्वांत लांब जाऊन बंद पडेल तो जिंकला. कौटुंबिक कार्यक्रम म्हणून नियम केला, की गाडीवर जोडपं हवं, आणि पेट्रोल संपेल तेव्हा दोघंही गाडीवर हवीत. नाहीतर बाद. मागून मोटारीने येऊन खुणा करायचं काम माझ्याकडे आलं.

खांबेट्याला बायको आठवली. वहिनी आमच्याकडे इस्त्री मागायला आल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. "मागे बस म्हणाले स्वतःहून," त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं. "यात जिंकले ना, तर पुन्हा नेतील दर रविवारी. मी ओझं नाही हे कळेल तरी त्यांना."

त्याने वहिनींना सलवार-कमीज घालायला लावला, दोन्हीकडे पाय टाकून बसवलं आणि डोकं त्याच्या पाठीला चिकटवून, मान खाली घालून राहायची ताकीद दिली. बाकीची जोडपी गप्पा मारत, हात हलवत निघाली. ही दोघं दुमडून निघाली.

एकेक गाडी बंद पडत गेली, मी चुन्याच्या खुणा करत गेलो. मोहन नगरच्या अलीकडे बळवंत शिर्क्याची गाडी थांबली. तो आणि बायको कडेला बसून संत्री सोलत होते. त्याच्या पुढे फक्त खांबेटे उरला होता. म्हणजे तो जिंकलाच होता. पण मागे वळून बघितलं असतं तर ते त्याला कळलं असतं ना!

हिंडनच्या पुलाच्या चढावर मला रस्त्याच्या कडेला वहिनी दिसल्या. एकट्या. एका पायात चप्पल नव्हती, कोपर सोलवटलं होतं, बाजूने ट्रक धडधडत होते. मी गाडी थांबवून खाली उतरलो.

"काय झालं? पडलात?"

"गाडी आचके द्यायला लागली. 'उतर, उतर, वजन कमी कर' म्हणाले."

"मग थांबवली नाही?"

"थांबवली तर पेट्रोल जातं," त्या म्हणाल्या. आणि मग नवऱ्याची बाजू घेतल्यासारखं, "येतो म्हणाले परत."

तो काही फार लांब गेला नव्हता. पूल ओलांडून थोडंसं पुढे, कवचावर कोपरं टेकून उभा होता. मला बघून अंगठा वर केला. मी त्याला बाद केलं आणि ते सांगताना मला मनापासून आनंद झाला. त्याने नियमावर वाद घातला, चढावर वाद घातला, फायबरची मजबुती ठोकून दाखवली. वहिनी माझ्या फियाटमध्ये बसल्या होत्या. त्यांच्या कोपराकडे त्याचं लक्ष गेलं नाही. शेवटी खिडकीशी जाऊन म्हणाला, "सुहास, तू यांना सांगायचं ना, की तू पेट्रोल संपल्यावर उतरलीस!"

वहिनी त्या दिवशी घरी गेल्या नाहीत. कॅन्टोन्मेंटमध्ये गिरिजा नावाची त्यांची मैत्रीण होती, सुभेदाराची बायको. तिच्याकडे राहिल्या. आम्हाला वाटलं, दोन दिवसांत खांबेटे जाऊन घेऊन येईल. तो गेला नाही. मी विचारलं तर म्हणायचा, "गाडीचं काम काढलंय, अण्णासाहेब. संध्याकाळी वेळच मिळत नाही."

होळी झाली. मग एका सकाळी तो स्वतःच वर आला. "काम झालं. सुहासला घेऊन या ना. तिला दाखवायचंय."

मी मूर्ख, मला बरं वाटलं. कॅन्टोन्मेंटमध्ये जाऊन निरोप दिला. वहिनींनी तो दोनदा सांगायला लावला. "मला दाखवायचंय म्हणाले?" लगेच पिशवी भरली. गाडीत त्या कितीतरी दिवसांनी मोकळं बोलत होत्या. "सीटचंच काम असेल. मी एकदा म्हटलं होतं, मागची सीट अरुंद आहे, धरायला दांडी नाही, साडीला जाळी नाही. ऐकत नाहीत असं वाटतं, पण ऐकतात कधी कधी." हिरवी साडी नेसल्या होत्या.

खांबेटे अंगणातच उभा होता. त्याने राजदूतवरची चादर ओढली.

मागची सीट नव्हती. तिच्या जागी पिवळ्या फायबरची लांबट, निमुळती शेपटी बसवली होती, पार मागच्या दिव्यापर्यंत. पायदानंही काढून टाकली होती.

"पुढून हवा कापली तर मागूनही नीट जुळायला हवी," तो उत्साहाने सांगू लागला. "इथेच चुकत होतं आपलं. हात लावून बघ, कसं बिल्कुल गुळगुळीत झालंय."

वहिनींनी हात लावून बघितला. "किती वाढलं?" त्यांनी विचारलं.

"लिटरमागे तीन!"

"छान झालं," त्या म्हणाल्या. अंगणातून परत फिरल्या, माझ्या फियाटमध्ये बसल्या आणि दार लावून घेतलं. पिशवी मांडीवरच होती. मीही स्टिअरिंगशी जाऊन बसलो. तेवढ्यात खांबेटे धावत माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं, आता तरी माणसासारखा बोलेल.

"अण्णासाहेब," तो वाकून म्हणाला, "पहिल्या गिअरमध्ये फार ओढता तुम्ही. लवकर बदला, फियाटसुद्धा जास्त देईल."

मी कॉलनीच्या फाटकापर्यंत गाडी पहिल्यातच बोंबलत नेली. शेजारी वहिनी रडत होत्या, आणि मागे तो हातवारे करून मला गिअर बदलायला सांगत होता.