दत्तूच्या वाटची चावी

हिमालयातल्या त्या पोस्टवर माझी ड्यूटी रेडिओ सेटवर होती. कारण सरळ होतं. रायफल साफ करताना मी एकदा साहेबांच्या चहात तेल सांडलं होतं, आणि सेटवर बसवलेला माणूस कमी नुकसान करतो, असा कंपनीचा समज होता.

लान्स नाईक दत्तू माझ्याच गावचा, बार्शीकडचा. आमच्या गावात घड्याळाचा टॉवर आहे. जुन्या महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांसाठी बांधलेला. त्यांची नावं खाली दगडात आहेत. गावातून फौजेत निघालेला प्रत्येक जण एस.टी. पकडण्याआधी वर चढून त्या घड्याळाला चावी देतो. रजेवर आला की पुन्हा देतो. आम्ही दोघांनीही दिली होती.

त्या दुपारी दत्तू पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर होता. बर्फ सुरू झाला, वाट बुजली. मी सेट उचलला.

"टायगर फॉर अल्फा. पोझिशन सांग. ओव्हर."

"खडकाच्या आडोशाला. वरचा बर्फाचा कडा सुटायला लागलाय. ओव्हर."

"तुम्हाला आणायला पार्टी निघाली. तिथंच थांबा. ओव्हर."

थोडी खरखर झाली. मग नियम सोडून तो गावच्या बोलीत बोलला, "गड्या, गावाकडं गेलास की माज्या वाटची चावी दे. ओव्हर."

"तूच दे की लेका. ओव्हर."

उत्तर आलं नाही.

पार्टीने संध्याकाळी त्याला बर्फाखालून काढून खाली आणलं. एस्कॉर्ट म्हणून त्याच्या शवपेटीसोबत मीच गावी आलो.

अंत्यसंस्कार झाल्यावर मी टॉवरवर चढलो. माझे फेरे दिले. हँडल घट्ट झालं, म्हणजे घड्याळ चालवणारं, तारेला टांगलेलं वजन पार वर आलं. पण दत्तूचे फेरे राहिले होते. मग मी फौजी ताकद लावली. तार तुटली आणि वजन थेट खाली गेलं. खाली ग्रामपंचायतीची खुर्ची होती. होती, असंच म्हणायचं.

घड्याळ बंद पडलं. आवाज ऐकून दत्तूची आई आली.

"पोर गेलं, आता घड्याळबी घालवलंस व्हय रं?"

"मावशी, दत्तूची चावी देत होतो. बसंना."

तिने तुटलेल्या तारेकडे पाहिलं. "तितं वर भाकरी एकच उरली, तर तुमी दोघं काय करायचा?"

"निम्मी निम्मी."

"मग हितं काय झालं हुतं तुला?"

बार्शीच्या मिस्त्रीने तार बदलली. आता दगडावर शेवटचं नाव दत्तूचं आहे. मावशीही राहिली नाही. मी रिटायर झालो, गुडघे माझ्याही आधी झाले, पण चावी माझ्याकडेच आहे. पायऱ्या चढतो, निम्मे फेरे देतो आणि हँडल धरून उभा राहतो. खालून कुणीतरी हमखास ओरडतं, "हवालदार, दमला व्हय?"

"व्हय, दमलो," म्हणतो. खोटं नसतं ते.

मग दत्तूचे फेरे सुरू करतो.