झटका म्हणजे आजार

हे मी अजून कुणालाच बोललेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. विहारात डोळे मिटून बसते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा ते नीट शब्दांत मांडलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगते आहे — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही. आणि हे आधीच सांगून ठेवते, मी काही फार वाईट बाई नाही. बघा! सुरुवातच केली ती स्वतःची बाजू घेऊन.

मी सीमाभागातल्या भालकीची. डिप्लोमा करून चार वर्षं घरी बसले होते. गावाबाहेर एका मोठ्या गोदामाचं बांधकाम निघालं आणि तिथे सुरक्षा विभागात मला नोकरी लागली. पांढरं हेल्मेट घालून उन्हात फिरायचं, पट्टा न बांधता वर चढणाऱ्यांवर ओरडायचं, आणि साइटवर काही घडलं की त्याची नोंद करायची. नोंदी बेंगळुरूच्या मुख्य कार्यालयातल्या सॉफ्टवेअरमध्ये जायच्या. आमचे कामगार मात्र एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि दख्खनी बोलणारे. त्यांनी फॉर्म कसा भरावा? म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. माणसाने फोनमध्ये बोलायचं, त्याची अक्षरं व्हायची, आणि ती एपीआयमधून मुख्य कार्यालयात पोचायची. एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरमधली खिडकी समजा — ठरलेल्या नमुन्यात कागद सरकवला तरच पलीकडचा घेतो. त्या नमुन्यात 'प्रकार' नावाचा रकाना भरावाच लागायचा. इजा, यंत्रातला बिघाड, आजार, असे. बिघाड म्हटलं की मॅनेजरचा आणि वायरमनचा फोन वाजायचा आणि यंत्र बंद ठेवावं लागायचं. आजार म्हटलं की काहीच वाजायचं नाही.

प्रकार कोणता, हे माझा प्रोग्रॅम शब्दांवरून ठरवायचा. मला त्याचा काय अभिमान होता म्हणून सांगू! जेवायला बसलेल्या बायकांना मी तो दाखवत सुटायचे.

पहिल्याच महिन्यात कमठाण्याच्या एका गवंड्याला फिट आली. त्याला ती लहानपणापासूनच येत होती. सोबतच्याने फोनमध्ये सांगितलं, झटका आला. प्रोग्रॅमने तो विजेचा धरला. सगळी साइट बंद पडली, गाडीतलं काँक्रीट उभ्या उभ्या घट्ट झालं. मॅनेजरने सगळ्यांसमोर मला विचारलं, तुला मराठी येत नाही का?

मला मराठी येते हो. तेच तर दुखणं आहे. मी तणतणत बसले आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली — झटका 'बसला' किंवा 'लागला' तर वीज, झटका 'आला' किंवा 'येतो' तर आजार. पुस्तकातल्या मराठीला धरून अगदी चोख. पण आमच्याकडे झटका कधी बसतो का? आमच्याकडे तो येतो. मिक्सरला ओला हात लागला की मी स्वतःच ओरडते, आई गं, झटका आला! हे त्या क्षणी मला माहीत नव्हतं का? होतं. कुठेतरी होतंच. पण पुन्हा चारचौघांत बोलणी खायची नव्हती.

आणि प्रत्येक नोंद पुढे जाण्याआधी तिचा आवाज ऐकून खूण करणं, हेही माझंच काम होतं. सुरुवातीला ऐकायचे. मग वाचायचे. मग सगळ्या नोंदी एकदम निवडून एकच खूण करायला लागले.

आता नागनाथअण्णांबद्दल सांगायला हवं. मी उगाच लांबण लावते आहे.

नागनाथअण्णा आमच्याच तालुक्यातल्या मेहकरचे. पंचेचाळिशीचे, सडपातळ, डोक्याला कायम उपरणं. व्हायब्रेटर चालवायचे — ओल्या काँक्रीटमध्ये जाड नळी खुपसून ते हलवून बसवतात, ते विजेवर चालणारं यंत्र. दिवसभर पाय चिखलात आणि हात यंत्रावर. फोनमध्ये बोलताना ते आधी नमस्कार करायचे. यंत्राला कसला नमस्कार, म्हणून सगळे हसायचे. ते म्हणायचे, पलीकडं अक्का हाय की.

एका सकाळी ते स्लॅबच्या कडेवरून खाली पडले. डोक्याला मार लागून जागीच गेले. दोघांनी पाहिलं होतं — अंग ताठ झालं, थरथरलं आणि ते कलंडले. पोलीस आले. मॅनेजरने मला विचारलं, याच्या नावावर मागचं काही आहे? मी शोधलं. होतं. पंधरा दिवसांत दोन नोंदी, दोन्हीत झटका, प्रकार आजार. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मॅनेजरने श्वास सोडलेला मला ऐकू आला. फिट येऊन पडला — आता ना कंपनीचा दोष, ना कुणाचा. त्या घटकेला मलाही ते खरंच वाटलं होतं. तेवढं तरी तुम्ही माना. नाही मानलंत तरी चालेल.

जेवणाच्या सुट्टीत मी ते दोन आवाज ऐकले. पहिल्यांदाच.

"नमस्कार अक्का. मशिनीला हात लावलं की झटका यायलाय. जरा बघा."

आणि दुसरा, आठवड्याने — "नमस्कार अक्का. मागं सांगितलो व्हतो. अजून यायलाय."

मॅनेजरची खोली माझ्या खोलीपासून तीस पावलांवर होती. पोलिसांचे कागद अजून पक्के झाले नव्हते. मी उठले, पाण्याची बाटली भरली आणि परत येऊन खुर्चीत बसले. मग ती ओळ प्रोग्रॅममधून काढून टाकली. वायरमनला जाऊन म्हटलं, त्या व्हायब्रेटरची वायर एकदा बघून घ्या. त्याने बघितली. आतून सोललेली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. त्याने नवी वायर टाकली आणि आम्ही दोघं त्यावर कधीच बोललो नाही. मुख्य कार्यालयात आवाज तीन महिन्यांनी आपोआप पुसले जातात. मी ते पुसले नाहीत. मी फक्त तीन महिने जाऊ दिले.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, नोकरीची भीती. मीही स्वतःला काही वर्षं असंच म्हणून पाहिलं. पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे.

अण्णा गेल्याच्या दहाव्या दिवशी त्यांची बायको, महानंदाअक्का, साइटवर आल्या. अण्णांचा डबा आणि चपला न्यायला. सोबत दहावीतली मुलगी होती, आरती. मीच कपाट उघडून सामान दिलं. महानंदाअक्का रडत नव्हत्या. त्यांनी मुलीला बाहेर उभं केलं आणि माझा हात धरला.

"अक्का, तू शिकल्याली हाईस. खरं सांग. त्यास्नी फिट यायची का? वीस वर्षं संसार केले मी. मला एक डाव बी दिसलं न्हाई."

त्या बाईला सगळं माहीत होतं, कळतंय ना? सगळ्या गावाने, पोलिसांनी, डॉक्टरने सांगूनसुद्धा तिचा नवऱ्यावरचा विश्वास हलला नव्हता. ती फक्त मला एकदा विचारून खात्री करून घ्यायला आली होती. मी नुसती मान खाली घातली असती तरी तिला कळलं असतं. मला माहीत नाही म्हटलं असतं तरी तिचं तिच्याजवळ राहिलं असतं.

मी म्हणाले, "व्हय. यायची. दोन डाव नोंद हाय."

 माझा हात सोडून त्या इतकंच म्हणाल्या, "मग मला कामून सांगितलं न्हाई त्यांनी?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. त्या गेलेल्या माणसाला विचारत होत्या. त्या दिवसापासून त्यांच्या मनात तो माणूस वीस वर्षं काहीतरी लपवणारा झाला, आणि त्याला तसं मी केलं. त्याने तर काही लपवलं नव्हतं. नमस्कार करून दोनदा सांगितलं होतं.

यंदा उन्हाळ्यात भालकीच्या बसस्टँडवर आरती भेटली. मी तिला ओळखलं नव्हतं, तिनेच मला ओळखलं. मोठी झाली आहे, बापाचेच डोळे. मी विचारलं, काय शिकतेस? म्हणाली, नर्सिंगला कलबुर्गीला नंबर लागला होता, पण आई पाठवत नाही. हॉस्टेलवर फिट आली तर कोण बघणार, म्हणते. विहिरीवर जाऊ देत नाही, स्कूटी शिकू देत नाही.

"तुला येते का?" मी विचारलं.

"अजून न्हाई," ती म्हणाली. "पण बाबाला व्हती ना. रगतात असतंय म्हणं ते."

बस लागली. पास काढायला तिने पिशवीत हात घातला तर वह्यांबरोबर एक कांदा बाहेर पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. ती लाजली. शुद्ध गेली तर कुणीतरी नाकाशी धरावा म्हणून आई रोज घालून देते, म्हणाली.

स्टँडवर गर्दी नव्हती. मला घाई नव्हती. तिच्याही बसला सुटायला पाच मिनिटं होती.

मी तो कांदा उचलला, पदराने पुसला आणि तिच्या हातात दिला.

"जपून ठेव," म्हणाले.