एक कोटी एक

लिफ्टवाल्या काकांनी स्टुलावर बसून नऊ वर्षं एकच आकडा भागून पाहिला: एक कोटी एक. लिफ्टचं दार बंद झालं की वही उघडायची, मग आतल्याची सुटका नाही.

"कुणाच्या बापाला भागायचा नाही हा! तीनशे सातनं पाहिलं, तीनशे अकरानं पाहिलं..."

एकदा पाचव्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंनी सहज विचारलं, "काका, नुसत्या अकरानं पाहिलंत?"

"अकराला बावीस, तेहतीस असे जोडीचे आकडे लागतात, बाई. ते बघताक्षणी कळतं," काका तुच्छतेनं म्हणाले.

बाईंनी हातातल्या कापडावरच खडूनं भागाकार मांडला. उत्तर आलं नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य.

काकांचं तोंड एवढंसं झालं. पाचवा मजला आला तरी दार उघडायचं त्यांना सुचेना. पुढचे दोन दिवस लिफ्टमध्ये चक्क शांतता होती.

तिसऱ्या दिवशी काका नवी वही घेऊन हजर. "नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव! हा मात्र कशानंच भागायचा नाही!"

या खेपेला त्यांचं अगदी बरोबर होतं. पण नवी वही पाहताच सगळी इमारत जिन्यानं चढायला लागली होती.