दोन थाळ्या धूळ

शेखर लांजेवार रायपूरजवळ, उरला गावातल्या एका सळ्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं डिस्पॅचचा बाबू होता. एवढ्या काळात त्याने साहेबाला एकही प्रश्न विचारला नव्हता आणि साहेबानेही त्याला कधी काही विचारलं नव्हतं. दोघांचं छान चाललं होतं. वडील रेल्वेत, गोंदियाहून बदलून रायपूरला आलेले. रिटायर झाल्यावर परत जायचं राहूनच गेलं. शेखरने कारखान्यापासून सायकलीच्या अंतरावर, बिरगावात घर बांधलं. घराचा रंग पांढरा होता. पहिल्या वर्षी.

बिरगावात धुळीबद्दल कुणी तक्रार करत नसे. पाहुणा आला की आधी खुर्ची पुसायची आणि मग ‘बसा’ म्हणायचं, एवढंच. शेखरची बायको कमला वाळलेले कपडे दोनदा झटकायची आणि पांढरं काही विकतच घ्यायची नाही.

मुलगी शर्मिष्ठा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजात सगळ्यांना एकच प्रोजेक्ट दिला होता : जागतिक शाश्वत विकासापुढची आव्हानं आणि तरुणांची भूमिका. वर्गातल्या रीनाने तो इंटरनेटवरून उतरवून ग्रुपवर टाकला आणि बेचाळीस जणांनी त्यावर आपापलं नाव घातलं. मुखपृष्ठावर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं एक अस्वल होतं. शर्मिष्ठा त्या आठवड्यात तापाने पडली होती आणि तिचा फोनही बिघडला होता, म्हणून ती फाईल तिच्यापर्यंत पोचलीच नाही. पुढच्या सगळ्या प्रकाराचं मूळ हे एवढंच. उगाच कुणी मोठेपणा देऊ नये.

ताप उतरल्यावर तिने स्वयंपाकघरातली एक स्टीलची थाळी उचलली.

“थाळी कुठं घेऊन चालली वं?” कमलाने विचारलं.

“धूल पकडने,” शर्मिष्ठा म्हणाली. आईबाप मराठीत विचारत आणि ती हिंदीत उत्तर देई. घरात कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

आठवडाभर थाळी गच्चीवर राहिली. मग तिने धूळ ब्रशने झाडून कागदाच्या पुडीत भरली. पण घरातल्या वजनकाट्याला ती पुडी जाणवेचना. शेवटी शेखर तिला स्कूटरवर बसवून रायपूर शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात घेऊन गेला. तिथे कमलाच्या मामेभावाचं, शामरावांचं, सोनाराचं दुकान होतं. शामरावांनी चष्मा लावला, काट्याचं काचेचं दार उघडलं आणि बिरगावची धूळ सोन्याच्या जागी ठेवली.

“दीड ग्रॅमच्या वर हाय. सोनं असतं तं नथीपुरतं झालं असतं.” मग त्यांनी लोहचुंबक जवळ नेलं. निम्मी धूळ उडी मारून त्याला चिकटली. शामरावांनी शेखरकडे पाहिलं. “भाऊजी, हा तं तुमच्याच दुकानचा माल दिसते.”

“हव,” शेखर म्हणाला आणि त्याने चहाचा कप उचलला.

प्रोजेक्टला वीसपैकी चौदा गुण मिळाले. सरांनी खाली शेरा मारला : मेहनत चांगली, जागतिक बाजू कमी पडली. अस्वलवाल्यांना सतरा मिळाले.

खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण शर्मिष्ठाची थाळी गच्चीवरच राहिली. एक दिवस जेवताना तिने विचारलं, “बाबा, फैक्टरी दिन-रात एक जैसी चलती है क्या?”

शेखरचा घास हातातच राहिला. भट्टीच्या धुरांड्याला धूळ धरणारं यंत्र होतं. ते वीज फार खात असे. दिवसा ते चाले. अंधार पडल्यावर काय होई, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याबद्दल कुणी बोलत नसे.

“भात वाढ,” तो कमलाला म्हणाला.

जेवण झालं, हात धुतले, टॉवेल दोरीवर टाकला. मग दाराशी उभा राहून तो म्हणाला, “एकच थाळी काहून ठेवून राहिली? दोन ठेव. एक दिवसाची, एक रातची. सकाळी सहाले अन् संध्याकाळी सहाले बदलव.”

“क्यों?”

“मले काय माहीत? सायन्स तू शिकून राहिली.”

महिना झाला. दिवसाच्या थाळीत दीड ग्रॅम आणि रात्रीच्या थाळीत पाच. शर्मिष्ठाने एका पानाचा अर्ज लिहिला आणि धुळीच्या दोन बाटल्या घेऊन ती पर्यावरणाच्या कार्यालयात गेली. आवक विभागातल्या बाबूने बाटल्या उजेडात धरून पाहिल्या.

“धूल जमा नहीं होती, दीदी. कागज जमा होता है.”

तेव्हा तिने बाहेर जाऊन प्लास्टिकच्या दोन पिशव्या आणल्या, धूळ त्यांत भरली आणि त्या अर्जाला स्टेपल केल्या. आता तो कागद झाला. बाबूने शिक्का मारला.

दुसऱ्या महिन्यात रीनानेही आपल्या गच्चीवर दोन थाळ्या मांडल्या. अस्वलाचं तिच्या मनाला लागलं होतं की काय, कोण जाणे. तिसऱ्या महिन्यात नऊ गच्च्या झाल्या, नऊ अर्ज झाले. कार्यालयातल्या फायलींतून टेबलावर धूळ सांडायला लागली, तेव्हा त्यांनी पाहणीसाठी माणूस पाठवला. तो न सांगता आला आणि दिवे लागल्यावर आला. यंत्र बंदच होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेबाने शेखरला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अर्जाची नक्कल होती.

“लांजेवारजी, ये शर्मिष्ठा कौन है?”

“मेरी बेटी है, साहब.”

“आपने बताया उसको?”

शेखरने खुर्चीची पाठ धरली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती आणि खरं बोलायची वेळ आजवर कुणी आणली नव्हती.

“नहीं साहब. मैंने सिर्फ थाली का बताया.” मग कुणी विचारलेलं नसताना तो म्हणाला, “मेरा घर भी वहीं है, साहब.”

सोमवारपासून शेखरची बदली गेटवर, पत्र्याच्या खोलीत झाली.

कमलाने भांडी आदळली. “बापलेकीनं मिळून नोकरी घालवली ना!”

“गेली नाही. सरकली,” शेखर म्हणाला.

शर्मिष्ठा जेवली नाही. “बाबा, बंद कर दूँ?” तिने विचारलं. सकाळी सहाला ती गच्चीवर गेली, तर बाप आधीच तिथे रात्रीची थाळी झाडत बसला होता, पुडीवर तारीखही घातलेली. अक्षर डिस्पॅचच्या बाबूचं, सुवाच्य. तिला रडू आलं. त्याने तिच्या हातात ब्रश दिला.

रात्रीची थाळी पाचावरून अडीचवर आली. एखाद्या महिन्यात चारावर जाते. मग नऊ अर्ज जातात आणि ती पुन्हा उतरते. याहून मोठं यश सांगण्यासारखं नाही.

गेटवर शेखरला काम एकच, ट्रक बाहेर सोडायचे. पहिल्याच आठवड्यात त्याच्या लक्षात आलं की भट्टीतल्या राखेचे ट्रक उघडेच जातात. गेटजवळच्या पाटीवर माल झाकून नेण्याचा नियम लिहिलेला होता, मोठ्या अक्षरांत. तो वाचायला कुणाला सवड झाली नव्हती. शेखरने ताडपत्री बांधल्याशिवाय पास देणं बंद केलं. ड्रायव्हर शिव्या देतात, हॉर्न वाजवतात, मग वर चढून दोर आवळतात. शेखर ट्रकभोवती एक चक्कर मारून चारही कोपरे ओढून पाहतो आणि मगच पास फाडतो.