डबिंगवाली वसू

गाणाऱ्या माणसांचे किस्से जमवावे लागत नाहीत. चार गाणारे एकत्र बसले की चहा येईपर्यंत गैरहजर असलेल्या पाचव्याचा घसा का बसला, याचा निकाल लागलेला असतो. मग चहा येतो, आणि पहिला घोट कोण घेतंय याची वाट बघत चौघंही आपापल्या कपाकडे बघत बसतात. ऐंशीच्या दशकात मी हिंदी सिनेमाच्या कोरसमध्ये होते. हिरॉइन बागेत धावत असताना मागे ज्या बायका 'आ आ' करतात ना, त्यातली एक मी. आमच्या कंपूत कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. तरी मैत्री होती. कशी होती ते विचारू नका.

आमच्यातली खरी गाणारी म्हणजे वसुधा, आमची वसू. घाटकोपरला पंतनगरात माझ्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहायची. नवरा बँकेत, घरी मालवणहून कायमच्या आलेल्या सासूबाई. वसू डबिंगवाली होती. म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मोठ्या गायिकेची तारीख मिळायची नाही आणि इकडे सेट लागलेला असायचा. मग गाणं तात्पुरतं वसूसारख्या कुणाकडून गाऊन घ्यायचं. हिरॉइन त्यावर ओठ हलवणार, शूटिंग उरकणार. पुढे सवडीनं मोठ्या बाई येणार, त्याच वाद्यांवर आपल्या आवाजात गाणार, आणि वसूचा आवाज पुसला जाणार. म्हणून तिनं गायचंही मोठ्या बाईंसारखंच, म्हणजे नंतर ओठ जुळतात. मोठ्या बाईंचं नाव मी घेत नाही. घेतलं तर म्हणाल, हिचा काहीतरी डाव आहे.

दर वेळी वसूला सांगायचे, "बाईंना जमलं नाही तर तुझाच आवाज ठेवू हां." वसूला आयुष्यात एवढंच हवं होतं. एकदा, एका तरी सिनेमात, आपला आवाज राहावा. आणि कुणीतरी मुद्दाम ते होऊ देत नाही, याची तिला पक्की खात्री होती.

*

गाणाऱ्याला शेंदूर खायला घातला की त्याचा आवाज जातो, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. घातलेला कुणी बघितला नाही, पण माहीत सगळ्यांना. त्यामुळे वसू स्टुडिओत पाणीसुद्धा घरचं प्यायची. थर्मास मांडीवर, मांडीवर पदर, पदरावर हात.

मुलुंडची कुंदा आमच्याच कोरसमधली. तीही मधूनमधून डबिंग करायची, म्हणजे वसूची एक नंबरची संशयित. कुंदाला भाचा झाला आणि तिनं पेढे आणले. वसूनं गोड हसून पेढा घेतला, कागदात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. "कडक उपास आहे गं," म्हणाली. वार सोमवार होता, म्हणून खपलं.

घरी गेल्यावर पर्स आवरताना तो पेढा सासूबाईंना दिसला. त्यांनी खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंचा घसा बसला!

आदल्या दिवशी त्यांनी माळ्यावरची सगळी धूळ झटकली होती, सबंध दिवस शिंकत होत्या. पण वसू धावत माझ्याकडे आली. "मालू, बघितलंस? वाचले मी." पुढे आठवडाभर ती सासूबाईंना ज्येष्ठमध देत होती आणि रोज सकाळी विचारत होती, "आई, जरा 'सा' लावून बघता?"

शेवटी सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. "माका काय गाणां म्हणूचां आसा? पण तू खाल्लंस नाय तो पेढो. माझ्यार करून बघितलंस मां?"

तेव्हापासून त्या घरात वसूनं वाढलेलं सासूबाई आधी हुंगायच्या आणि मग खायच्या.

*

आमचे मास्टरजी म्हणजे म्युझिक डायरेक्टर, अंधेरीला राहायचे. त्यांच्या मजल्यावर समोरच दुसरा म्युझिक डायरेक्टर. त्यामुळे मास्टरजींचा जीव कायम मुठीत. रिहर्सलला उन्हाळ्यातही खिडक्या बंद, पंखाही बंद, कारण पंखा चालू असला की दाराबाहेर कोण उभं आहे ते ऐकू येत नाही. गाणं शिकवायचे तेही उलटं. आधी अंतरे. मुखडा एकदम स्टुडिओत, माइकसमोर. "मुखडा गेला की सगळं गेलं," म्हणायचे.

एकदा असाच घाम गाळत आम्ही अंतरा घोकत होतो आणि स्वयंपाकघरातून मुखडा ऐकू आला. वहिनी भाजी चिरता चिरता गुणगुणत होत्या. मास्टरजींनी पेटी थांबवली. आमच्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघितलं. वसूकडे जरा जास्त वेळ. मग आत गेले.

"तुला हे कोणी शिकवलं? खरं सांग. समोरच्याकडे गेली होतीस?"

वहिनी म्हणाल्या, "अहो, समोर कशाला जाऊ? आमच्या माहेरी हळदीला म्हणतात हे. लग्न झाल्यावर मीच नाही का तुम्हाला म्हणून दाखवलं?"

मास्टरजी बाहेर आले, बसले आणि म्हणाले, "खिडक्या उघडा रे, किती उकडतंय."

*

वसूकडे फोन नव्हता. स्टुडिओचा निरोप तळमजल्यावरच्या शहांकडे यायचा. शहांची सून जिन्यातून ओरडायची, "वसुधाबेन, अंधेरीवाल्याचा फोन!" आता सांगा, सासूबाईंना काय वाटेल? सून चांगली साडी नेसून, गळ्याला मफलर गुंडाळून सकाळी बाहेर पडते. विचारलं तर म्हणते गायला जाते. आणि रेडिओवर नाव काही ऐकू येत नाही.

"गो, तू जातंस खंय? सगळ्यांची नावां घेतत, तुझां कसां येणा नाय?"

वसूनं डबिंग म्हणजे काय ते समजावलं. सासूबाईंना ते अजिबात पटलं नाही. गायचं एकीनं आणि पुसायचं दुसरीनं, असा धंदा जगात असूच शकत नाही, म्हणाल्या. शेवटी वसू त्यांना रेकॉर्डिंगला घेऊन गेली. काचेमागच्या खोलीत खुर्ची दिली. लाल दिवा लागला, व्हायोलिनवाल्यांनी एकदम गज उचलले, आम्ही 'आ आ' केलं आणि वसू गायली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. परतताना बसमध्ये कंडक्टरलासुद्धा सांगितलं, ही माझी सून.

सिनेमा लागला तेव्हा सगळ्या बिल्डिंगला घेऊन त्या थिएटरला गेल्या. गाणं सुरू झालं, तर आवाज मोठ्या बाईंचा. सासूबाईंनी इंटरव्हलचे दिवे लागू दिले. मग वसूकडे वळल्या.

"त्या दिवशी माझ्यासाठी इतकी माणसां जमवलंस?"

पन्नास वादक, काचेची खोली, लाल दिवा, सगळं एका म्हाताऱ्या बाईला फसवायला उभं केलं होतं, असं त्यांचं ठाम मत झालं. मीही त्यात सामील, म्हणून माझ्याकडच्या हळदीकुंकवालाही दोन वर्षं आल्या नाहीत.

*

एकदा मी दातांच्या डॉक्टरकडे म्हणून अंधेरीला गेले होते. खरंच गेले होते. तिथून स्टुडिओ जवळ, म्हटलं कॅन्टीनमध्ये थंड काहीतरी घ्यावं. तर कोपऱ्यात वसू, थर्मास घेऊन.

"तू इथे काय करतेस?" मी विचारलं.

"दाताच्या डॉक्टरकडे आले होते," वसू म्हणाली.

तेवढ्यात दारातून कुंदा आत आली. गळ्याला मफलर. आम्हाला बघून थबकली.

"दात गं," कुंदा म्हणाली.

तिघी एका टेबलावर बसलो. खरा दात माझा एकटीचाच दुखत होता आणि दोघींना संशय माझाच! नंतर कळलं की एकच गाणं प्रोड्यूसरनं गुपचूप दोघींकडूनही गाऊन घेतलं होतं. सकाळी कुंदाकडून, दुपारी वसूकडून. दोघींनाही सांगितलं होतं, "कुणाला बोलू नको, तुझाच आवाज ठेवतोय."

गाणं अर्थात मोठ्या बाईंनीच गायलं. मागच्या कोरसला आम्हा तिघींना बोलावलं. एका माइकवर उभ्या राहिलो. वसू आणि कुंदा एकमेकींकडे न बघता 'आ आ' करत होत्या, आणि मोकळ्या वेळात एकमेकींच्या दातांची चौकशी करत होत्या.

*

आता हा किस्सा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, पण सांगते. भाद्रपदातली गोष्ट. अंधेरीहून बसनं घरी येत होतो. साकीनाक्याला बस अडकली. तिथे वर्कशॉपवाल्यांचा गणपती, मंडपात भोंगा. भोंग्यावर गाणं लागलं, वसूनं डबिंग केलेलं, आता मोठ्या बाईंच्या आवाजातलं. वसू खिडकीशी होती. ती एकदम ताठ बसली.

दुसऱ्या अंतऱ्याच्या शेवटी एक हरकत होती, सुरांची गिरकी. छोटीशी, पण काळजाला हात घालणारी. मास्टरजींनी ती सांगितली नव्हती. वसूनं रेकॉर्डिंगच्या वेळी आपल्या मनानं घेतली होती, मी तिथेच मागे उभी होते. मोठ्या बाईंनी ती जशीच्या तशी घेतली होती.

"बघ," वसू म्हणाली. "हरकत ठेवली. मला तेवढं काढलं."

मी संशयी बाई आहे, मला पटकन वाईट वाटत नाही. त्या दिवशी फार वाटलं. घाटकोपर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही, आणि पहिल्यांदाच तिनं विचारलं नाही की काय काम आहे म्हणून.

*

त्यानंतरचं हे गाणं. वसूचा सगळ्यावरचा विश्वास उडाला होता. मास्टरजी म्हणाले, "घाई आहे, कसंही गा. बाईंची तारीख पक्की आहे, तुझा आवाज राहणार नाही." इतकं खरं तिच्याशी पहिल्यांदाच कोणी बोललं होतं. वसू चिडली. पुसायचाच आहे ना, मग कशाला कुणासारखं गाऊ, म्हणाली, आणि घरात भाकऱ्या थापताना गाते तशी मोकळी गाऊन मोकळी झाली. एका टेकमध्ये ओके. मागं वळूनसुद्धा न बघता ती थर्मास घेऊन निघून गेली.

महिन्याभरानं ठरल्या दिवशी मोठ्या बाई आल्या. आम्हाला दुसऱ्या गाण्याच्या कोरसला बोलावलं होतं, म्हणून हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्यांनी वसूचा ट्रॅक ऐकला. परत लावायला सांगितला. मग चष्मा काढून पुसला आणि मास्टरजींना म्हणाल्या, "हे असंच राहू दे. हिचंच ठेवा." आणि गाडीत बसून गेल्या.

सगळा स्टुडिओ विचारात पडला. मास्टरजी म्हणाले, "माझ्यावर रागावल्यात." प्रोड्यूसर म्हणाला, "गाण्यात काहीतरी अपशकुनी असणार." कुंदा म्हणाली, "सिनेमा पडणार आहे, बाईंना आधीच कळलंय." मी पळत वसूकडे गेले आणि सांगितलं. वसूनं शांतपणे गॅस बारीक केला.

"म्हणजे गाणंच कापणार," ती म्हणाली.

गाणं कापलं नाही. सिनेमा लागला. वसू यायलाच तयार नव्हती, मी जवळजवळ ओढत नेलं. सासूबाईही निघाल्या, "परत काय नाटक केलंस तां बघतंय" म्हणून. दाराचं कुलूप त्यांनी इतक्या वेळा ओढून बघितलं की आम्ही पोचेपर्यंत पडद्यावरची नावं येऊन गेली होती. दुपारचा शो, अर्धं थिएटर रिकामं. वसू मधे, एका बाजूला सासूबाई, एका बाजूला मी.

गाणं आलं. पहिल्या ओळीलाच माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या थिएटरात, चारी बाजूंनी वसूचा आवाज. कुणी काही पुसलं नव्हतं. पुढच्या रांगेतला एक माणूस विडी विझवून सरळ बसला.

सासूबाईंनी अंधारात वसूचं मनगट धरलं. "गो, ह्यो तुझोच आवाज. रांधताना म्हणतंस, तसोच."

"नाही हो, आई," वसू म्हणाली. "बदलला. मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"खुळां काय? तुझोच तो!"

वसूनं गाणं शेवटपर्यंत ऐकलं, पापणी न हलवता. मग माझ्या कानाशी वाकली.

"मालू, ही नवीन मुलगी कोण आहे, जरा चौकशी कर गं. ही टिकली ना, तर आपल्याला कुणी बोलावणार नाही."